रविवारचं भाडं

पहाटे ३:४५

पनवेलमधला सीएनजी पंप. पुढे नऊ गाड्या. ड्रायव्हर खाली उतरून बॉनेटला टेकून उभा आहे. ही वेळ त्याने मुद्दाम धरली आहे. पहाटे रांग लहान असते आणि गॅसला प्रेशर असतं. दिवसा प्रेशर पडलं की टाकी अर्धीच भरते. रांगेत घालवलेला तासही फुकट जातो.

गाडी सात सीटची अर्टिगा. पिवळी नंबरप्लेट, टुरिस्ट परमिट. स्वतःच्या नावावर घेतलेली, अजून एकतीस हप्ते बाकी. त्याचं वय बेचाळीस. याआधी बारा वर्षं तो दुसऱ्याच्या गाडीवर पगारी होता.

नंबर येतो. इंजिन बंद. पंपावरचा पोरगा नळी लावतो. काटा चढत चढत दोनशेच्या आसपास थांबतो. साडेआठ किलो, किलोला ८० रुपये, बिल ६८०. टाकी तुडुंब भरली म्हणून गडी खूश आहे. "आता काय टेन्शन नाय," तो म्हणतो. सात माणसं बसवून, एसी लावून एवढ्या गॅसवर एकशे साठ किलोमीटर जाता येतं. आजचा फेरा दोनशेचा आहे. उरलेल्या चाळीसचं परतीच्या वाटेवर बघायचं.

पहाटे ४:२०

करंजाडे. बिल्डिंगच्या खालच्या नळावर दोन बादल्या भरून ठेवल्या आहेत. एका बादलीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. गाडी वरून खाली धुवायची, चाकं शेवटी. काचेला ओलं फडकं आणि मग जुनं वर्तमानपत्र, म्हणजे डाग राहत नाहीत. रबरी मॅट भिंतीवर आपटून झाडायच्या. सीटच्या फटीत हात घालून बघायचं. मागच्या भाड्याचा शेंगदाणा, पिन, चॉकलेटचा कागद, काही ना काही निघतंच.

मग पिशवी. तिच्यात पाच-पाच लिटरचे दोन रिकामे कॅन, दोन जुन्या चादरी, काळ्या कचऱ्याच्या पिशव्या, आवळासुपारीची पुडी, नायलॉनची दोरी, ताडपत्रीचा तुकडा आणि रंगकामाचा दोन इंची ब्रश. कॅन आणि चादरी वाळूसाठी. काळ्या पिशव्या आणि आवळासुपारी पोरांच्या ओकारीसाठी. ब्रशचं काम रात्री.

चाकांत हवा ठीक आहे. कूलंट ठीक आहे. विमा, फिटनेस, पीयूसी, परमिट एका प्लास्टिकच्या फाइलीत, ती डॅशबोर्डच्या कप्प्यात. पाच वाजता बायको चहा देते. तो उभ्यानेच पितो. पांढरा शर्ट हँगरला लावून गाडीतच ठेवलाय. तो पोचल्यावर अंगात घालायचा. आधी घातला तर मळतो.

पहाटे ५:४५

खारघर. सोसायटी गोल्फ कोर्सच्या बाजूला आहे. डोंगराच्या पायथ्याचं हे मैदान सिडकोने २०१२ साली सुरू केलं. या रस्त्यावरची गिऱ्हाइकं त्याला नवी नाहीत. खेळायला येणारे पहाटेच येतात, ऊन चढायच्या आत. त्यांच्या एका पिशवीत चौदापर्यंत काठ्या असतात आणि ती डिकीत बसत नाही, कारण डिकीत गॅसची टाकी आहे. मागची सीट पाडावी लागते. हे तो बुकिंग घेतानाच सांगून टाकतो, म्हणजे नंतर बोलणी खावी लागत नाहीत.

आजचं भाडं वेगळं. आजी, आजोबा, मुलगा, सून, दोन नातवंडं. थोरली दहा वर्षांची, धाकटा सहाचा. दिवसभराची सहल. अलिबागचा किल्ला, मग नागावला समुद्राजवळच्या मोठ्या रिसॉर्टमध्ये जेवण, पोहणं, संध्याकाळी किनारा, रात्री घरी. ठरलेले पैसे ४,५००. ड्रायव्हरचा भत्ता ३००. पार्किंग गिऱ्हाइकाचं. बुकिंग एजंटकडून आलंय, त्याचे दहा टक्के.

एका दिवसाच्या सहलीला सामान चार बॅगा, एक आइसबॉक्स, हवेची दोन टायर आणि आजींची कापडी पिशवी. बॅगा कॅरिअरवर. तो पायरीवर चढून एकेक बॅग वर घेतो, जड मध्ये, हलक्या कडेला. ताडपत्री, त्यावर दोरी, चार ठिकाणी गाठ. दोरी ओढून बघतो. पुन्हा ओढून बघतो.

"दादा, किती वेळ लागेल?" सून विचारते.

"रस्ता मोकळा मिळाला तर अडीच तास, ताई. साडेनवाच्या आत पोचायला पायजे. किल्ल्याला जायचं ना? आज शुद्ध पंचमी हाय."

पंचमीचा आणि किल्ल्याचा संबंध कोणाच्या ध्यानात येत नाही. आजोबा मात्र मान वर करून त्याच्याकडे बघतात.

सकाळी ६:३५

पळस्पे फाटा. मुंबई-गोवा महामार्ग इथून सुटतो. उजाडायला अजून थोडा वेळ आहे. पळस्पे ते इंदापूर या टप्प्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं आणि दहा वर्षं उलटली तरी रेंगाळत राहिलं. त्या वर्षांत त्याने या रस्त्यावर दोन शॉकअॅब्सॉर्बर आणि एक रिम घालवलीय. कुठे डांबर संपून काँक्रीट लागतं, कुठे सांध्यावर गाडी उडते, हे त्याच्या पायाला पाठ आहे. सांधा यायच्या आधी पाय ब्रेकवर जातो. मागे कोणाची झोपमोड होत नाही.

कर्नाळ्याची झाडी लागते. अभयारण्याचं गेट डाव्या हाताला मागे पडतं. अंधारात सुळका दिसत नाही.

मुलगा मागून म्हणतो, "थोडी दाबा ना, रस्ता रिकामा आहे."

"साहेब, ऐंशीच्या वर जातच नाय. गव्हर्नर बसवलाय." पिवळ्या प्लेटच्या गाडीला स्पीड गव्हर्नर लागतोच. शेजारून पांढऱ्या प्लेटच्या गाड्या झपाझप निघून जातात. तो डावी लेन धरून राहतो.

खारपाड्याचा पूल. खाली पाताळगंगा. उजाडतं.

सकाळी ७:३०

वडखळ. हॉटेलसमोर गाड्यांची रांग. कुटुंब आत जाऊन बसतं. मिसळ, बटाटेवडे, पोरांना इडली. ड्रायव्हर मागच्या दाराने जातो. तिथे ड्रायव्हरांसाठी लांब बाकडं आहे. गिऱ्हाईक आणलं की ड्रायव्हरचा नाश्ता फुकट, हा इथला रिवाज. दोन वडे, पाव, चहा. वेटर ओळखीचा आहे, न मागता हिरवी मिरची ठेवतो.

बाकड्यावर पाच जण. दोघं ठाण्याचे, एक कल्याणचा, एक मुरूडला चाललेला. बोलणं कमी, खाणं जास्त. कोणाचं भाडं कितीला ठरलं हे मात्र प्रत्येक जण विचारतो. कल्याणवाला ४,०००ला आलाय. "कमी घेतलंस," आमचा ड्रायव्हर म्हणतो. "चार दिवस गाडी उभी होती, दादूस," तो सांगतो. त्यावर कोणी काही बोलत नाही.

वीस मिनिटांत सगळे उठतात. गाडीकडे जाऊन तो पहिल्यांदा कॅरिअरची दोरी बघतो.

सकाळी ८:२०

वडखळवरून अलिबागचा रस्ता. डोलवीचा पोलादाचा कारखाना, रस्त्याकडेच्या झाडांवर तांबूस धूळ. ट्रेलरच्या मागे गाडी अडकते. धरमतरची खाडी ओलांडली की हवा बदलते. पोयनाड जातं. कार्लेखिंडीच्या वळणांवर धाकट्याचा चेहरा पांढरा पडतो. आरशात त्याच्याकडे ड्रायव्हरचं लक्ष आहे. आईच्या आधी तोच गाडी बाजूला घेतो, काळी पिशवी मागे देतो, काच उतरवतो. पोराचं उरकतं. आवळासुपारी. पाण्याचा घोट. एक थेंब सीटवर नाही.

"तुम्हाला कसं कळलं?" आई विचारते.

"गप्प झाला होता ना, ताई. पोरगं गप्प झालं की समजायचं."

सकाळी ९:१५

अलिबागचा किनारा. समोर कुलाबा किल्ला. पाणी मागे सरलंय, वाळू ओली आणि कडक आहे. माणसं चालत निघाली आहेत, काही घोडागाडीतून.

पंचमीचा हिशोब आता तो आजोबांना सांगतो. तिथीची पाऊणपट करायची. पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे पावणेचारच्या सुमाराला पूर्ण भरती. त्याच्या सहा तास आधी पूर्ण ओहोटी, पावणेदहाला. "साडेदहाला किल्ल्यातून निघायचं, काका. अकराला पाणी पायाला लागतं. उशीर झाला तर घोडागाडीच करायची, पोरांना घेऊन चालायचं नाय."

"हे कुठे शिकलात?"

"बाप खाडीत जायचा मासे मारायला."

किल्ल्याचं बांधकाम शिवाजी महाराजांनी १६८० साली सुरू केलं. पुढे कान्होजी आंग्र्यांचं आरमार इथून चाललं. आत आंग्र्यांच्या काळातलं गणपतीचं देऊळ आहे आणि गोड्या पाण्याची विहीर. आजींना गणपतीचं दर्शन हवं आहे. त्या घोडागाडीत बसतात, बाकीचे चालत.

ड्रायव्हर वर येतो. त्याला आता सव्वा तास आहे. तो शर्ट बदलतो. काळी पिशवी कचऱ्याच्या डब्यात टाकतो. मागची सीट पुसतो. मग नगरपालिकेच्या शौचालयात जातो, दहा रुपये. चहा पंधरा रुपये. पावणेअकराला किनाऱ्यावर उभा राहतो आणि किल्ल्याकडे बघत राहतो. सहाही जण येताना दिसल्यावर गाडी सुरू करून एसी लावून ठेवतो.

सकाळी ११:१०

नागावच्या वाटेवर आक्षी. आजोबांना शिलालेख बघायचा आहे, मुलाला घाई आहे. ड्रायव्हर दोघांचं जमवून देतो. "रस्त्यावरच हाय. पाच मिनिटं." दगडावर शके ९३४ चा काळ कोरलेला आहे, म्हणजे इसवी सन १०१२. मराठीतल्या सगळ्यांत जुन्या कोरीव लेखांत त्याची गणना होते. आजोबा चष्मा काढून, पुन्हा लावून बघतात. नातीला एकेक अक्षर दाखवतात. पाचाची बारा मिनिटं होतात. ड्रायव्हर हॉर्न वाजवत नाही.

सकाळी ११:३५

नागाव. वाहनाची पावती फाडून गाडी आत घ्यायची. दोन्ही बाजूंना सुपारीच्या आणि नारळाच्या वाड्या, त्यांत कॉटेज, पाट्या, पाट्यांवर मोबाइल नंबर. मोठ्या रिसॉर्टच्या गेटवर सुरक्षारक्षक यादी बघतो. मोठी माणसं चार, मुलं दोन. हातांत कागदी पट्टे बांधले जातात. ड्रायव्हरला पट्टा नाही. सामान उतरवून रिसेप्शनपर्यंत न्यायचं, तिथून परत फिरायचं. आइसबॉक्स जड आहे. तो खांद्यावर घेतो.

आत निळा तलाव, पोरांची घसरगुंडी, बारीक कापलेली हिरवळ आणि तिच्यावर छोट्या गोल्फची नऊ भोकं. एक माणूस गुडघ्यांवर बसून भोकाच्या कडेचं गवत कात्रीने कापतो आहे. कात्री दर चार कापांनी पँटला पुसतो.

"तुम्ही जेवायचं काय करणार?" आजी विचारतात.

"बाहेर करतो, आजी. तुम्ही आरामात या."

दुपारी १२:३०

पार्किंग म्हणजे सुरूच्या झाडांखालची वाळू. वीस-बावीस गाड्या. सावली सकाळी येणाऱ्यांनी घेतली. त्याला अर्धी सावली मिळते. तो गाडी अशी लावतो की दोन वाजल्यानंतर तोंडावर ऊन येणार नाही.

जेवायला पन्नास पावलांवर घरगुती खानावळ. पुढच्या ओटीवर पर्यटकांची टेबलं, सुरमईची थाळी ४५०. मागच्या पडवीत ड्रायव्हर आणि घोडागाडीवाले, थाळी १२०. दोन तांदळाच्या भाकऱ्या, बोंबलाचं कालवण, भात, सोलकढी. चव तीच, तुकडी वेगळी. भाकऱ्या करणारी बाई पडवीतच चुलीपाशी बसलेली आहे. परातीत उकड मळते, पाण्याचा हात लावून तळव्यावर थापते, तव्यावर टाकते, लगेच पुढचा गोळा घेते. हात थांबत नाहीत. आज सकाळपासून दीडशे झाल्या असतील, ती म्हणते, मोजायला वेळ कुणाला आहे.

पडवीच्या मागे वाडी. मध्येच मोकळं आभाळ. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हा तिथे सुपारीची रांग होती. एका दुपारीत सगळी आडवी. सरकारी मदत सुपारीच्या झाडाला ५० रुपये, नारळाला २५०. नवं रोप लावून सुपारी धरायला कितीतरी वर्षं जातात. "तवर काय खायचं?" ती म्हणते. रिकाम्या जागेत दोन खोल्या उभ्या राहिल्या. वर पत्रा, आत एसी. आज दोन्ही भरल्या आहेत. चादरी दोरीवर वाळताहेत.

तो विहिरीचं पाणी दोन्ही कॅनमध्ये भरून घेतो. त्याचे ती पैसे घेत नाही.

दुपारी १:३०

झोप. ड्रायव्हरच्या दिवसातलं हेही कामच आहे, आणि ते चुकवून चालत नाही. रात्रीची गाडी या तासावर चालते. सीट मागे, काचा चार बोटं खाली, तोंडावर रुमाल. रिसॉर्टचं संगीत भिंतीवरून येतं. शेजारच्या गाडीत दोघं पत्ते खेळताहेत. माश्या. पंधरा-वीस मिनिटं डोळा लागतो, उघडतो, पुन्हा लागतो.

दुपारी २:५०

पत्त्यांच्या गाडीत बोलणं चाललंय. ठाण्याच्या ड्रायव्हरने मागच्या आठवड्यात तीन दिवसांचं भाडं केलं. दोन्ही रात्री गाडीत झोपला. दुसऱ्या रात्री डासांनी झोपू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी माणगावच्या पुढे डोळा मिटला आणि गाडी कडेच्या खडीत उतरली. मागच्या लोकांना वाटलं, त्याने मुद्दाम बाजूला घेतली.

"बोलला नाहीस त्यांना?"

"काय बोलू? पुढचं भाडं जाईल."

"जाऊ दे. खोली आधीच ठरवून घ्यायची," आमचा ड्रायव्हर म्हणतो. "पाच-सहाशेची खोली. त्यांच्या एका थाळीच्या पैशांत येते."

सगळे मान डोलावतात. ठरवून घेणारे त्यांतले किती, हे ज्याचं त्याला ठाऊक.

दुपारी ३:२०

आजोबा गोळी घ्यायला गाडीकडे येतात. पाण्याचा गोंगाट त्यांना सोसत नाही. ते पुढच्या सीटवर बसतात.

"तुम्ही मूळचे करंजाड्याचे?"

"नाय काका, कोल्हीचे. विमानतळात गेलं आमचं गाव."

नवी मुंबई विमानतळासाठी दहा गावठाणं उठली. कोल्ही, कोपर, चिंचपाडा, ओवळे, तरघर, कोंबडभुजे, उलवे, गणेशपुरी, वाघिवली आणि वाघिवली वाडा. उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला. २५ डिसेंबर २०२५ला तिथून प्रवासी विमानं सुरू झाली.

"शेत होतं?"

"भाताचं. खाडीच्या कडेला बांध घालून. खारं पाणी आत आलं की सगळं गाव रात्री बांधावर. मी लहान होतो, कंदील धरायचो." तो थांबतो. "गाडीचं डाउन पेमेंट त्याच पैशातलं. बाकी घरात गेलं, बहिणींच्या वाटण्यांत गेलं."

"विमानतळावर भाडी मिळतात?"

"मिळतात. आठ-दहा किलोमीटर, पाच-सहाशे रुपये. गाडी कमी झिजते. चांगलं हाय."

आजोबा बराच वेळ बसून राहतात. मग विचारतात, भरती आता पूर्ण झाली का. तो घड्याळ बघतो. "अजून वीस-पंचवीस मिनिटं."

दुपारी ४:३०

किनारा. पाणी उतरायला लागलंय, तरी लाटांना जोर आहे. जीवरक्षक शिट्ट्या मारताहेत. ड्रायव्हर मुलाला दोन गोष्टी सांगतो. गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही, आणि ओहोटीच्या पाण्यात तर पोरांचा हात सोडायचाच नाही, कारण जाणारं पाणी माणसाला ओढतं. मुलगा ऐकून घेतो. मग धाकट्याचा हात धरतो आणि सोडत नाही.

घोडागाडी, वाळूतली चारचाकी, भेळ, नारळपाणी. प्रत्येकाचा भाव आधी विचारला जातो, घासाघीस होते, पैसे दिले जातात.

सुरूच्या झाडांखाली ड्रायव्हरची तयारी सुरू आहे. सीटांवर जुन्या चादरी, कडा घट्ट खोचलेल्या. रबरी मॅट उलट्या. कॅनचं झाकण सैल करून ठेवलेलं. समुद्राचं पाणी सीटच्या स्पंजात गेलं की चार दिवस वास जात नाही. पुढचं गिऱ्हाईक बसल्या बसल्या नाक मुरडतं. सीट काढून स्पंज धुवायचे गॅरेजवाला २,००० रुपये घेतो.

संध्याकाळी ६:४०

सूर्य बुडाला. सहा जण येतात, मुलं गळ्यापर्यंत वाळूत. तो धाकट्याला बॉनेटजवळ उभं करतो. कॅन कलता धरून बारीक धार सोडतो. आधी पोटऱ्या, मग टाच, मग बोटांच्या बेचक्या. वाळू तिथेच बसते. एक पाय धुतला की चपलेत, मग दुसरा. पोरगं हसतं, गुदगुल्या होतात. थोरली स्वतः धुते. आजींना तो सीटवर बसवून पाय बाहेर ठेवायला सांगतो आणि पायांवर पाणी घालतो. आजी संकोचतात. "राहू द्या हो दादा, मी घेते." तो पाणी घालत राहतो. "वाकू नका आजी, कंबर धरेल."

दहा लिटर पाणी सहा जणांना बरोबर पुरतं.

संध्याकाळी ७:४०

कार्ल्याच्या बाजूला रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा. अलिबागच्या या कांद्याला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं. फेब्रुवारी सरत आला की नवा माल येतो. बाई दिव्याच्या उजेडात पातीच्या वेण्या घालत बसली आहे. सून दोन माळा घेते. ड्रायव्हर आधी कांदा दाबून बघतो, मानेपाशी. "ही घ्या ताई, ही सुकलेली हाय. ती ओली, आठ दिवसांत मऊ पडेल." माळा कॅरिअरवर बॅगांच्या वर बांधल्या जातात, हवा लागेल अशा.

रात्री ८:२०

वडखळ. रविवारची गर्दी. अलिबागकडून येणारे आणि गोव्याकडून येणारे एका तोंडाला. गाडी पहिल्या गिअरमध्ये, क्लच, ब्रेक, क्लच, ब्रेक. पाऊण तासात तीन किलोमीटर. डाव्या गुडघ्याच्या मागे त्याला दुखतं. तो पाय सैल सोडतो, पुन्हा क्लचवर ठेवतो. मागे सगळे झोपले आहेत. धाकटा आजीच्या मांडीवर, तोंड उघडं. तो रेडिओ बंद करतो.

रात्री ९:२०

पेण मागे पडतं. गॅसचा शेवटचा दिवा लागलाय. मागे पंप होता. पण गॅस भरायचा तर गाडीतल्या सगळ्यांना खाली उतरावं लागतं, तसा नियम आहे. सहा जणांना उठवायचं, पोरांना उचलून रस्त्यावर उभं करायचं, पुढे रांग. त्याने आरशात एकदा बघितलं आणि पंप जाऊ दिला. आता तो स्टिअरिंगजवळचं बटण दाबतो. गाडी पेट्रोलवर. घरापर्यंत अडीच लिटर, २६० रुपये. गॅसवर हेच अंतर एकशे सत्तरमध्ये झालं असतं.

मागे कोणाला काही कळत नाही.

रात्री १०:२०

खारघर. तो आधी दोरी सोडतो, बॅगा खाली घेतो, मग दारं उघडतो. धाकट्याला बाप उचलतो. सीटखालून एक चप्पल, एक प्लास्टिकची बादली, आजोबांची गोळ्यांची डबी. सगळं हातात देतो.

मुलगा ४,८०० मोबाइलवरून पाठवतो. आजोबा खिशातून २०० काढून हातात ठेवतात. सून एक कांद्याची माळ पुढे करते. तो एकदा नको म्हणतो, दुसऱ्यांदा घेतो.

आजी दारातून मागे वळतात. "पुढच्या महिन्यात गणपतीपुळ्याला जायचंय आम्हाला. तीन दिवस. तुम्हीच याल का?"

"येईन आजी. किलोमीटरला १५ रुपये, भत्ता तोच." मग तो जरा थांबतो. दुपारी पार्किंगमध्ये बोलायला सोपं होतं. "एक आहे. दोन रात्री ड्रायव्हरला खोली लागेल. साधी चालेल. नीट झोप झाली पायजे, तेवढंच."

सून आणि मुलगा एकमेकांकडे बघतात. आजोबा मध्येच म्हणतात, "बुकिंग मी करतो."

रात्री ११:१०

करंजाडे. खालच्या दिव्याखाली गाडीची चारही दारं उघडी. चादरी झटकून बादलीत. सीटच्या पट्ट्यांत वाळू गेलीच आहे. तो दोन इंची ब्रशने ती खोबणीतून ओढत ओढत बाहेर आणतो. मूठभर निघते. बायको वही घेऊन खाली आली आहे. तो सांगतो, ती लिहिते.

जमा ४,५०० अधिक ३०० अधिक २००, झाले ५,०००. एजंट ४५०. गॅस ६८०. पेट्रोल २६०. जेवण, चहा, शौचालय मिळून १६०. हप्ता महिन्याला १६,५००, पण गाडी महिन्यात पंधराच दिवस लागते, म्हणून लागलेल्या दिवसाला १,१०० धरायचे. विमा त्याच हिशोबाने ३००. टायर, ऑइल, ब्रेक, किलोमीटरला एक रुपया, २००.

"१,८५०," ती म्हणते.

"किती तासांचे?"

ती बोटांवर मोजते. पावणेचार ते अकरा. "एकोणीस होऊन गेले."

तो ब्रश आपटून वाळू काढतो. "पेट्रोलचे नव्वद वाचले असते," तो म्हणतो, आणि कारण सांगतो. ती ऐकून घेते. "बरं केलंस," म्हणते आणि पान उलटते.

मोबाइल वाजतो. आजोबांचा मेसेज. हॉटेलचं नाव, तारखा, दोन खोल्या कुटुंबाला, एक ड्रायव्हरला. तो पुन्हा एकदा वाचतो, मग बायकोला वाचून दाखवतो. ती नव्या पानावर लिहिते. गणपतीपुळे. ३ दिवस, कमीत कमी ९०० किमी. भत्ता ३ दिवसांचा. खोली त्यांच्याकडून.